उसाचे इंधन आणि शर्यतीची गाडी

पावसाळ्यातल्या एका रविवारी पिरंगुटच्या पेट्रोल पंपावर आम्ही रांगेत उभे होतो. आमच्या पुढे ताम्हिणी घाटाकडे निघालेली एक लालभडक, बसकी स्पोर्ट्‌स कार होती. पंपावर '२० टक्के इथेनॉल' अशी पाटी होती. ती वाचून माझा नववीतला पुतण्या म्हणाला, "काका, इथेनॉलमध्ये उष्णता कमी असते ना? बाबा रोज मोटारसायकलवरून दुधाचे कॅन कोथरूडला नेतात. गाडी पूर्वीइतके ॲव्हरेज देत नाही म्हणून ते कुरकुरतात. मग परदेशातल्या शर्यतीच्या गाड्या मुद्दाम इथेनॉल का जाळतात?"

विद्यार्थी मित्रांनो, प्रश्न मोठा मार्मिक आहे. त्याचे उत्तर शोधू या.

प्रथम इथेनॉलची ओळख. उसाच्या रसातील किंवा मळीतील साखरेवर यीस्ट या सूक्ष्मजीवाची क्रिया होऊन इथेनॉल आणि कार्बन डायॉक्साइड तयार होतात. मका आणि तांदूळ यांपासूनही ते मिळते. ते बनविण्याच्या पद्धतींवर संशोधन करणारी 'प्राज मॅट्रिक्स' ही प्रयोगशाळा आपल्या मुळशी तालुक्यातच, उरवडे येथे आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प २००१ साली देशात तीन ठिकाणी सुरू झाले. त्यांपैकी मिरज आणि मनमाड ही दोन ठिकाणे महाराष्ट्रातली! २००३ मध्ये ५ टक्के मिश्रणाची योजना आली. २०२२ मध्ये हे प्रमाण १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले.

आता बाबांची कुरकुर तपासू. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे ३२ मेगाज्यूल उष्णता मिळते, तर एक लिटर इथेनॉलपासून सुमारे २१. म्हणजे २० टक्के मिश्रणाच्या एका लिटरमध्ये किती? ०.८ × ३२ + ०.२ × २१ = २९.८ मेगाज्यूल. शुद्ध पेट्रोलपेक्षा हे सुमारे ७ टक्क्यांनी कमी. बाबांची तक्रार निराधार नाही.

पण शर्यतीत लिटरचा हिशेब दुय्यम असतो. तेथे प्रश्न असा, की एका क्षणात इंजिन किती शक्ती देते? ती ठरते इंजिन किती हवा ओढू शकते यावर. इंधन हवे तेवढे सोडता येते. हवा मात्र सिलिंडरच्या आकारमानाइतकीच मावते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असल्याने त्याला ९ किलो हवा पुरते. आता दर किलो हवेमागे मिळणारी उष्णता काढा. पेट्रोलसाठी ४४ ÷ १४.७ आणि इथेनॉलसाठी २६.८ ÷ ९. दोन्ही उत्तरे सुमारे ३ मेगाज्यूलच येतात! हवेच्या हिशेबात इथेनॉल मुळीच उणे नाही.

उलट, दोन बाबतींत ते सरस आहे. हातावर सॅनिटायझरचे थेंब चोळा. गार वाटते ना? बाष्पीभवनासाठी इथेनॉल पुष्कळ उष्णता शोषून घेते. पेट्रोलच्या दुपटीहूनही अधिक. त्यामुळे सिलिंडरमध्ये जाणारी हवा थंड आणि दाट होते. दुसरी गोष्ट ऑक्टेन क्रमांकाची. दट्ट्याने मिश्रण फार दाबले तर ते ठिणगीने व्यवस्थित पेटण्याऐवजी काही भागात आपोआप पेट घेते आणि इंजिन ठोके देऊ लागते. त्यालाच नॉकिंग म्हणतात. ऑक्टेन क्रमांक जितका मोठा, तितके इंधन अधिक दाब सोसते. आपल्या साध्या पेट्रोलचा हा क्रमांक पूर्वी ९१ असे, इथेनॉलचा सुमारे १०८.

जास्त दाबल्याने काय साधते? मिश्रण दहापट दाबणाऱ्या आदर्श इंजिनाची कार्यक्षमता ६० टक्के येते. बारापट दाबल्यास ६३. प्रत्यक्ष इंजिनात दोन्ही आकडे बरेच कमी असतात, पण वाढीची दिशा तीच.

स्वीडनच्या कोनिगसेग कंपनीच्या सीसीएक्स या गाडीचे इंजिन पेट्रोलवर ८०६ अश्वशक्ती देत असे. त्याच इंजिनात योग्य ते बदल करून २००७ मध्ये कंपनीने सीसीएक्सआर ही गाडी आणली. ८५ टक्के इथेनॉलवर तिची शक्ती १,०१८ अश्वशक्ती झाली. त्याच वर्षी अमेरिकेतील इंडीकार शर्यतींनी इथेनॉल स्वीकारले. फॉर्म्युला वन शर्यतींत २०२२ मध्ये १० टक्के मिश्रण आले.

मात्र 'योग्य ते बदल' हे शब्द विसरू नका. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला इंधन बदलल्याचे कळत नाही. २० टक्के मिश्रणाला १३.५ पट हवा पुरत असताना ती पूर्वीच्याच बेताने इंधन सोडते. मिश्रण विरळ होते आणि इंजिन अडखळू शकते. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात किंवा चिरतात. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेते. पाण्याचे प्रमाण फार वाढले, तर पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी वेगळा थर साचतो. मुळशीच्या पावसात चार महिने शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या लाखमोलाच्या गाडीला हा धोका अधिक. रोज टाकी रिकामी करणाऱ्या दूधवाल्याला कमी!

पुतण्याला मी एवढेच सांगितले : "इंधन तेच, पण बाबांची मोटारसायकल लिटर मोजते आणि शर्यतीची गाडी हवा मोजते. इथेनॉलचा गुण उचलायचा तर इंजिन त्यासाठी घडवलेले हवे. बाबांचे तसे नाही. म्हणून तोटा तेवढा त्यांच्या वाट्याला येतो."

घरी पोहोचताच त्याने काय केले असेल? बाबांच्या मोटारसायकलची पुस्तिका शोधून काढली आणि टाकीपासून निघणारी रबरी नळी तपासली. तिला दोन ठिकाणी बारीक चिरा पडल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी ती नळी बदलली. तुमच्या घरच्या गाडीची नळी तुम्ही कधी पाहिली आहे का?