मिश्र वाहतूक, रस्त्यावरील

मोटारगाड्या, सायकली, चाकी स्केट (चाके बसविलेले बूट) वापरणारे व पादचारी यांनी एकाच रस्त्याचा एकाच वेळी वापर करणे म्हणजे मिश्र वाहतूक होय. या घटकांच्या वेगांत, वस्तुमानांत आणि त्यांना लाभणाऱ्या संरक्षणात मोठी तफावत असते. मोटारीतील व्यक्तीभोवती पोलादी सांगाडा असतो. सायकलस्वार व स्केट वापरणारा यांना टकरीचा आघात थेट शरीरावर सोसावा लागतो. सुरक्षेचे बहुतेक नियम या विषमतेतून निर्माण झाले आहेत.

वेग व थांबण्याचे अंतर : वाहनाची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अडथळा दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत सु. १ सेकंद जातो, असे मानल्यास चांगल्या कोरड्या रस्त्यावर ताशी ३० किमी. वेगाची मोटार सु. १३ मी. अंतरात थांबते, ताशी ५० किमी. वेगाच्या मोटारीला सु. २८ मी. लागतात. म्हणजे पहिली मोटार जेथे पूर्ण थांबते, तेथे दुसरीचा ब्रेक लागलेलाही नसतो. म्हणूनच निवासी भागांत व शाळांजवळ वेगमर्यादा कमी ठेवतात. ओल्या रस्त्यावर हे अंतर आणखी वाढते.

मोटारचालकांसाठी नियम : सायकलस्वाराला ओलांडताना बाजूने पुरेसे अंतर ठेवणे आवश्यक असते, कारण खड्डा वा वारा यांमुळे सायकल अचानक बाजूला सरकू शकते. फ्रान्समध्ये हे अंतर वस्तीत किमान १ मी. व वस्तीबाहेर १·५ मी., तर जर्मनीत २०२० पासून अनुक्रमे १·५ मी. व २ मी. आहे. वळणाऱ्या चालकाने सरळ जाणाऱ्या सायकलस्वाराला आधी जाऊ द्यावे. थांबलेल्या मोटारीचे दार उघडण्यापूर्वी मागे पाहावे. उजवीकडे बसलेल्या चालकाने ते डाव्या हाताने उघडल्यास शरीर व दृष्टी आपोआप मागे वळतात. ग्रेट ब्रिटनच्या महामार्ग संहितेत २०२२ मध्ये ही पद्धत सुचविण्यात आली. अधिक हानी करू शकणाऱ्यावर अधिक जबाबदारी, हे तत्त्वही त्याच वेळी तीत समाविष्ट झाले.

सायकलस्वारांसाठी नियम : भारतात वाहतूक डावीकडून चालत असल्याने सायकल डाव्या बाजूने, वाहतुकीच्याच दिशेने चालवावी. विरुद्ध दिशेने येणारी सायकल चौकात वळणाऱ्या चालकाला अनपेक्षित असते. वळण्यापूर्वी हाताने इशारा द्यावा, लाल दिव्यापाशी थांबावे आणि रात्री पुढे पांढरा व मागे लाल दिवा वा परावर्तक वापरावा. चालत्या वाहनाला धरून जाणे व दोन्ही हात सोडून सायकल चालविणे यांस १९६८ च्या व्हिएन्ना रस्ता वाहतूक करारात मनाई आहे. अवजड वाहनाच्या डाव्या अंगाला उभे राहणे विशेष धोक्याचे असते. चालकाला तेथील सायकल दिसत नाही आणि वळताना मागची चाके आतल्या बाजूला सरकतात.

चाकी स्केट : स्केट वापरणारा पादचाऱ्यापेक्षा वेगवान, पण ब्रेक लावण्याच्या दृष्टीने सायकलस्वारापेक्षा दुबळा असतो. शिवाय प्रत्येक ढकलीबरोबर त्याचे पाय आळीपाळीने बाजूला जात असल्याने त्याला अधिक रुंदी लागते. त्यामुळे त्याचे कायदेशीर स्थान ठरविणे अवघड जाते. जर्मन कायद्यात स्केट हे वाहन मानलेले नाही; त्यावरील व्यक्तीस पादचाऱ्यांचे नियम लागू होतात. मात्र विशिष्ट फलक असल्यास तिला सायकलमार्ग वापरता येतो. उतार, ओला पृष्ठभाग व गर्दीचे पदपथ टाळणे आणि शिरस्त्राण, गुडघे व मनगटे यांची संरक्षके वापरणे हितावह ठरते.

भारतातील स्थिती : मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि त्याखालील २०१७ चे चालनविषयक विनियम हे मुख्यतः मोटारवाहनांसाठी आहेत. पायाने चालविलेली सायकल ‘मोटार वाहन’ या व्याख्येत येत नसल्याने तिला चालक-परवाना लागत नाही. परिणामी वाहतुकीचे नियम न शिकताही मूल रस्त्यावर सायकल चालवू लागते. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्यात महानगरपालिकेने २०१७ मध्ये सर्वंकष सायकल योजना मंजूर केली. तथापि सायकलमार्गावर वाहने उभी राहिल्यास स्वाराला मुख्य प्रवाहात यावे लागते व मार्गाचा हेतू विफल होतो. म्हणून मार्गरचना, नियमांची अंमलबजावणी आणि शालेय वयातील शिक्षण यांची एकत्रित आवश्यकता असते.