दाराशीं आलेली कला

मीं छत्तीस वर्षें शाळेंत मास्तरकी केली. एके वर्षीं क्रमिक पुस्तकांतलें एक तळहाताएवढें चित्र वर्गाला दाखवीत असतां मागच्या बांकावरील एका मुलानें विचारलें, "गुरुजी, खरें चित्र केवढें असेल हो?" मला सांगतां आलें नाहीं, कारण मींहि तें चित्र पुस्तकांतच पाहिलें होतें. त्या प्रश्नाची बोच अद्याप गेलेली नाहीं.

मूळ चित्रासमोर उभें राहून तें पाहणें, किंवा गाणाऱ्यासमोर बसून गाणें ऐकणें, हा लाभ सामान्य घरांतल्या मुलाला कोठें मिळावा? या प्रश्नाचें एक उत्तर अमेरिकेंतल्या कम्युनिटी कॉलेजांनीं दिलें आहे. तें उत्तर कोणतें आणि तें टिकविण्यास काय लागतें, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे.

प्रथम हें कॉलेज म्हणजे काय तें पाहूं. आपल्या भाषेंत त्याला समाज-महाविद्यालय म्हणतां येईल. अभ्यासक्रम बहुधा दोन वर्षांचा. शाळा संपविलेल्या जवळजवळ कोणासहि प्रवेश. फी विद्यापीठाहून पुष्कळ कमी. आणि दिवसा नोकरी करणाऱ्यांसाठीं सायंकाळचे वर्ग. पुष्कळ ठिकाणीं त्याच्या खर्चाचा एक वांटा त्या भागांतील रहिवाशांच्या घरपट्टीसारख्या करांतून येतो. अशा सार्वजनिक कॉलेजांपैकीं सर्वांत जुनें गणलें जाणारें कॉलेज इलिनॉय संस्थानांत जोलिएट येथें १९०१ सालीं निघालें. पुढें १९४७ सालीं अध्यक्ष ट्रुमन यांनीं नेमलेल्या शिक्षण-मंडळाच्या अहवालानें 'कम्युनिटी कॉलेज' हें नांव सर्वतोमुखीं केलें. आज त्या देशांत अशीं कॉलेजें हजाराच्या आसपास आहेत.

योगायोग असा कीं, त्याच १९०१ सालीं आपल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिलें, आणि राजदरबारांत व घराण्यांत अडकलेली संगीतविद्या लोकाश्रयाच्या बळावर सर्वांना खुली केली. या दोन घटनांचा परस्परांशीं संबंध नाहीं. परंतु दोहोंमागील तळमळ एकाच जातीची आहे.

आतां, अशा कॉलेजांत चित्रांचें प्रदर्शन भरतें तें कशासाठीं? रसायनाच्या विद्यार्थ्याला जशी प्रयोगशाळा, तसें चित्रकलेच्या विद्यार्थ्याला प्रदर्शनाचें दालन. वर्षअखेर विद्यार्थ्यांचें निवडक काम तेथें मांडलें जातें. चित्र कोणत्या उंचीवर टांगावें, प्रकाश कोठून पडावा, शेजारीं कोणतें चित्र शोभेल आणि कोणतें मारक होईल, हें मांडणी करतांनाच समजतें. इतर वेळीं बाहेरच्या कलावंतांचें काम तेथें येतें, आणि पोटासाठीं दिवसभर दुकानांत राबणारा विद्यार्थी वर्गाला जातां जातां तें पाहतो. संगीताचेंहि तसेंच. कॉलेजचा वाद्यवृंद असतो, समूहगायनाचा संच असतो. आणि अनेक ठिकाणीं त्या संचांत गांवची मंडळीहि नांव घालतात. अठरा वर्षांच्या मुलीशेजारीं एखादे पेन्शनर आजोबा स्वर लावीत उभे असतात. श्रोत्यांतहि त्यांचेच सोयरे व शेजारी. अशा मैफलींत गाणारा व ऐकणारा यांच्यांत फारसें अंतर उरत नाहीं.

याचें एक ठळक उदाहरण कॅलिफोर्नियांत आहे. लॉस एंजेलिस शहराच्या पूर्वेस मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी लोकांची मोठी वस्ती आहे. तेथील ईस्ट लॉस एंजेलिस कॉलेज १९४५ सालीं निघालें. व्हिन्सेंट प्राइस हा नट जगाला भयपटांमुळें ठाऊक. पण तो येल विद्यापीठांत कलेचा इतिहास शिकलेला व चित्रांचा मोठा शौकीन होता. येथील विद्यार्थ्यांची हौस व उमेद पाहून त्याला वाटलें कीं, यांना मूळ कलाकृति प्रत्यक्ष पाहावयास मिळाल्या पाहिजेत. म्हणून १९५७ सालीं त्यानें व त्याची पत्नी मेरी ग्रँट प्राइस हिनें आपल्या खाजगी संग्रहांतील ९० कलाकृति त्या कॉलेजला देऊन टाकिल्या. पुढेंहि तो देतच राहिला. शिकविण्यासाठीं उभारलेला हा संग्रह आज व्हिन्सेंट प्राइस कला-संग्रहालय या नांवानें ओळखला जातो. २०११ सालीं त्याला नवी वास्तु मिळाली. लॉस एंजेलिसच्या भिंतींवर प्रचंड व्यक्तिचित्रें रंगविणारा केंट ट्विचेल हा याच कॉलेजचा विद्यार्थी.

दुसरें उदाहरण इलिनॉयमधील कॉलेज ऑफ ड्यूपेज याचें. हें शिकागोच्या पश्चिमेस ग्लेन एलिन या उपनगरांत आहे. तेथें २०२१ च्या उन्हाळ्यांत मेक्सिकोची विख्यात चित्रकर्त्री फ्रीडा काहलो हिच्या २६ कलाकृतींचें प्रदर्शन भरलें. तें व्हावयाचें होतें २०२० सालीं. महामारीमुळें वर्षभर पुढें गेलें. ज्या कृति पाहण्यासाठीं एरवीं मेक्सिको गांठावें लागतें, त्या एका उपनगरांतल्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या कॉलेजांत आल्या.

परंतु श्रोतेहो, एकच बाजू सांगणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. कॅलिफोर्नियांतच कुपर्टिनो येथें डी आन्झा कॉलेजच्या आवारांत फ्लिंट सेंटर नांवाचें प्रेक्षागृह १९७१ सालीं उघडलें. सुमारें २,४०० आसनांचें. सॅन फ्रॅन्सिस्कोचा सिंफनी वाद्यवृंद तेथें वाजवी. पुढें त्या भागांत हिंदी लोकांची वस्ती वाढली, तसे आपल्याकडील कलावंतांचे जलसेहि तेथें होऊं लागले. २४ जानेवारी १९८४ रोजीं ॲपल कंपनीनें आपला मॅकिन्टॉश संगणक प्रथम याच रंगमंचावर लोकांपुढें ठेविला. एवढें वैभव पाहिलेलें तें गृह २०१९ सालीं बंद करण्यांत आलें. इमारत जुनी झाली, दुरुस्तीचा खर्च डोईजड झाला, आणि कॉलेजच्या चालकांना तो पेलवेना.

यांतून काय घ्यावें? कलेला जागा देणें हें एकदांचें दान नव्हे. तो रोजचा संसार आहे. देणगीदार चित्रें देऊं शकतो. पण छपराची गळती, दिव्यांचें बिल आणि पहारेकऱ्याचा पगार वर्षानुवर्षें कोणीतरी सोसावा लागतो. जेथें गांवकऱ्यांना तें दालन आपलें वाटतें, तेथें ते कर देतांना फारशी कुरकुर करीत नाहींत. जेथें तें केवळ कॉलेजचें वाटतें, तेथें तंगीच्या वर्षीं पहिली कात्री त्यालाच लागते.

आपल्याकडे कॉलेजांत स्नेहसंमेलनें होतात. एखाद्या खोलींत मुलांचीं चित्रें मांडलीं जातात, सायंकाळीं गाणें होतें. पण फाटकाबाहेरच्या भाजीवाल्याला किंवा शेजारच्या चाळींतल्या मुलांना कोणी आंत बोलावीत नाहीं. त्या दोन दिवसांपुरतें तरी फाटक उघडें ठेवावें, आणि आपणहि घरांतलीं मुलें घेऊन तेथें जावें. याला दमडीचा खर्च नाहीं. मग मागच्या बांकावरच्या एखाद्या मुलाला चित्र केवढें असतें हें मास्तरांना विचारावें लागणार नाहीं. तो समोर उभा राहील, हात पसरील आणि स्वतःच मापून पाहील.