अढीतला पेंढा आणि शटरवरचं घरटं

एप्रिलमधला रविवार. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आदल्या दिवशी फळ-भाजीला सुट्टी असते, त्यामुळे रविवारी माल तुंबून येतो. फळबाजारात हापूसच्या पेट्या फुटत असतात, भाताचा पेंढा गाळ्यापुढे पसरलेला असतो. हातगाड्या, पाट्या आणि ‘सरका, सरका’च्या त्या गदारोळात एक चिमणी खाली उतरते. पेंढ्यातली एक काडी उचलते, टाकते. दुसरी उचलते, टाकते. तिसरी पसंत पडते. ती घेऊन माणसांच्या डोक्यांवरून सरळ जाते आणि समोरच्या गाळ्याच्या शटरवर जी पत्र्याची पेटी असते, तिच्या फटीत दिसेनाशी होते. माल पारखायला ती कुठल्याही खरेदीदाराला ऐकणार नाही.

पुण्यातले पक्षी-छायाचित्रकार उन्हाळ्यात पहाटे सिंहगडाच्या पायथ्याकडे निघतात. तिकडे पाणवठ्यावर पक्षी येतात, आडोसा मिळतो, पार्श्वभूमीला हिरवं धुकट काहीतरी सापडतं. मार्केट यार्डाची पार्श्वभूमी म्हणजे पोती, पत्रे आणि टेम्पोचा मागचा फाळका. पण विणीचा हंगाम जवळून समजून घ्यायचा असेल, तर ही जागा कमी नाही. छतांच्या कैच्यांवर पारवे, पाट्यांच्या मागे आणि शटरच्या पेट्यांत चिमण्या, रस्त्याकडेच्या उंच झाडांवर कावळे. शिवाय एखाद्या गुलमोहराच्या वाळक्या फांदीत भोक कोरून दिवसभर ‘टुक टुक’ करणारा तांबट. हा सगळा संसार माणसांच्या उशापायथ्याशी चाललेला असतो आणि त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नसते.

चिमणीचंच घ्या. भुसार विभागात दाण्यांची ददात नाही. गहू, बाजरी, तांदूळ, पोत्यांच्या शिवणीतून गळेल ते. म्हणून यार्ड म्हणजे चिमण्यांचा स्वर्ग, असं वाटू शकतं. पण चिमणीची पिल्लं सुरुवातीचे दिवस दाण्यांवर वाढत नाहीत. त्यांना अळ्या आणि किडे लागतात. तीन ते पाच अंडी, बारा-तेरा दिवसांची उबवण, मग सुमारे दोन आठवडे घरट्यात. या दोन आठवड्यांत आईबापांच्या चोचीत धान्यापेक्षा हिरवी-पांढरी वळवळ जास्त दिसते. ती मिळते टाकून दिलेल्या कोबी-फ्लॉवरच्या पाल्यात, कुजत चाललेल्या भाजीच्या ढिगात, भिंतीकडेच्या रानटी झुडपांत. भुसार आणि भाजीपाला हे दोन विभाग एकाच आवारात असणं व्यापाऱ्यांच्या सोयीचं आहेच; चिमणीच्या दृष्टीने तर तो जगण्याचा प्रश्न आहे.

शहरी चिमणीबद्दलची काळजी महाराष्ट्राला नवी नाही. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने 2010 पासून 20 मार्च हा जागतिक चिमणी दिवस पाळला जातो. देशभरातल्या हौशी निरीक्षकांच्या नोंदींवर बेतलेल्या 2020 च्या अहवालात चित्र थोडं वेगळं निघालं. एकूण भारतात चिमणीची संख्या बरीचशी स्थिर, पण मुंबई, दिल्ली, बंगळूरसारख्या महानगरांत घट. म्हणजे चिमणी नाहीशी झाली हे सरसकट खरं नाही, आणि काळजी करण्यासारखं काही नाही हेही खरं नाही. काचेच्या दर्शनी भागाच्या इमारतीत चिमणीला शिरायला फट नसते. यार्डातल्या जुन्या गाळ्यांना फटीच फटी.

आता प्रश्न फोटोचा.

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्याचं अर्धं आयुष्य लपण्यात जातं. इंग्लंडमध्ये 1892 मध्ये चेरी किअर्टनने अंड्यांसकट घरट्याचा फोटो काढला आणि त्याचा भाऊ रिचर्ड याच्याबरोबर पुढे या छंदाचा पायाच घातला. पक्ष्यांना संशय येऊ नये म्हणून या भावांनी एका बैलाचं कातडं पोकळ भरून घेतलं होतं. आत माणूस आणि कॅमेरा, बाहेरून बैल. आपल्याकडे पोळ्याला शोभला असता! मार्केट यार्डात असल्या सोंगाची गरज नाही. तिथल्या पक्ष्यांना माणसांच्या धावपळीची इतकी सवय झालेली असते, की पाठीवर पोतं घेतलेला हमाल घरट्याखालून शंभरदा गेला तरी चिमणी मान वळवत नाही. ती बिचकते चालता चालता थांबणाऱ्या आणि वर टक लावून बघणाऱ्या माणसाला. गर्दीत चाललेला माणूस म्हणजे वारा. थांबलेला माणूस म्हणजे मांजर. त्यामुळे इथला सर्वांत चांगला आडोसा म्हणजे पोत्यांची थप्पी, आणि तिथे बसायला गाळेमालकाची परवानगी. ती मागितली की एक प्रश्न हमखास येतो: ‘काय साहेब, चिमणीत काय बघायचं?’

हा प्रश्न सालीम अलींना कुणी विचारला असेल की नाही, सांगता येत नाही. पण त्यांनी चिमणीत जे बघितलं, ते 1906-07 च्या सुमाराचं आहे. मुंबईजवळच्या चेंबूरला, घोड्यांच्या तबेल्यात. वय दहाच्या आसपास, हातात बंदूक. भिंतीतल्या भोकात मादी अंड्यांवर, बाहेर खिळ्यावर नर पहाऱ्याला. मुलाने गाडीआडून नर टिपला. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर आणला. तोही टिपला. आठवड्याभरात आठ नर मारले गेले आणि प्रत्येक वेळी जागा भरली गेली. मुलाने हे सगळं वहीत नोंदवून ठेवलं, हे यातलं खरं विशेष. पुढे 1930 मध्ये अलिबागजवळच्या किहीमला याच माणसाने सुगरणींच्या वसाहतीसमोर आडोशात बसून दिवसचे दिवस काढले, या वेळी बंदुकीशिवाय. खोपे नर विणतो, ते अर्धवट अवस्थेत असताना माद्या येऊन पाहणी करतात, पसंत पडलं तर ताबा घेतात, आणि मग नर दुसरा खोपा विणायला घेऊन दुसऱ्या मादीची वाट बघतो, हा सगळा व्यवहार त्यांनी उलगडला. 1931 मध्ये तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. बहिणाबाईंच्या कवितेमुळे घरोघरी पोचलेल्या सुगरणीचा विणकर प्रत्यक्षात नर आहे, हे सांगितलं की आजही काही जणांना वाईट वाटतं.

बंदुकीच्या जागी कॅमेरा आला, हे बरं झालं. पण कॅमेऱ्यानेही पिल्लं मरतात.

मार्केट यार्डापासून तळजाई फार लांब नाही. तिथल्या पाचगाव पर्वतीच्या मोकळ्या जागांवर टिटवी उघड्या जमिनीत, खड्यांमध्ये बेमालूम मिसळणारी अंडी घालते, बहुधा चार. मे महिन्यात चाळिशीला टेकणाऱ्या उन्हात ती अंड्यांवर बसते, ती ऊब द्यायला नव्हे, सावली द्यायला. पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. समोर कुणी कॅमेरा लावून बसलं की ती उठते, ओरडत डोक्यावर घिरट्या घालते. फोटो झकास येतो. तोवर अंडी तापत असतात.

राखी धनेशाचं गणित आणखी नाजूक. मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि चिखल-विष्ठेने तोंड लिंपून घेते. चोच जाईल एवढी फट उरते. आत असताना तिची उडण्याची पिसंही गळतात. आई आणि पिल्लं, सगळ्यांचं पोट बाहेरच्या एकट्या नराच्या चोचीवर. उंबराची, वडाची फळं घेऊन तो येतो, ढोलीसमोर चार लेन्सा दिसल्या की लांबच्या फांदीवर बसून राहतो. अर्धा तास. कधी जास्त. समाजमाध्यमांवर ढोलीचं ठिकाण फुटलं की पुढच्या रविवारी चाराच्या चाळीस लेन्सा होतात.

बुलबुल, शिंपी, शिंजीर यांच्या बाबतीत संकट वेगळं. यांची घरटी झुडपात, पानांआड. फोटो स्वच्छ यावा म्हणून एक डहाळी बाजूला सारली जाते. एवढंसं काम, पण त्याने घरट्यावर थेट ऊन पडतं आणि ते कावळ्याच्या नजरेत येतं. माणूस कुठे वाकून बघतोय याचा माग कावळे ठेवतात, आणि यार्डाच्या परिसरात कावळ्यांचा तुटवडा कधीच नसतो.

कायदा यावर स्पष्ट आहे. 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणं आणि अंडी किंवा घरट्यांना उपद्रव देणं धरलेलं आहे. छायाचित्रकारांच्या अनेक गटांनी आणि स्पर्धांनी घरट्यावरचे फोटो स्वीकारणं बंद केलं आहे, ते त्याच जाणिवेतून. मात्र सगळा दोष कॅमेऱ्यावर टाकणंही अन्यायाचं. पावसाळ्यापूर्वी फांद्या छाटण्याची शहरातली घाई नेमकी एप्रिल-मेमध्ये येते, आणि तांबटाला जी वाळकी फांदी घरासाठी हवी असते, तीच करवतीला आधी दिसते.

मग काढायचं काय? घरटं सोडून सगळं. यार्डात याचा वस्तुपाठ मिळतो. चिमणी घरट्यात शिरण्याआधी जवळच्या तारेवर क्षणभर थांबते. तिथे फोकस लावून ठेवावा. चोचीत पेंढा असेल, तर बांधकाम चालू आहे. अळी असेल, तर पिल्लं आहेत. बाहेर पडताना चोचीत पांढरी गोळी असेल, तर ती पिल्लाच्या विष्ठेची पिशवी. घराची सफाई चालली आहे. घरट्याच्या आत न डोकावता महिन्याभराची गोष्ट तारेवरच्या त्या एका जागी सांगून होते. सकाळी साडेसहा ते साडेआठचा उजेड, शटरचा वेग हजारांश सेकंद किंवा त्याहून जास्त, फ्लॅश बंद. दहानंतर पत्र्यांवरून उठणाऱ्या उष्ण हवेत महागडी लेन्सही चित्र थरथरतं देते. आणि पिल्लं भरवण्याच्या फेऱ्या थांबल्याशा वाटल्या, तर आपण चुकीच्या जागी बसलो आहोत असं समजून उठावं.

कावळ्याच्या बाबतीत हा सल्ला द्यावाच लागत नाही. त्याचं घरटं कुठे आहे, हे तो टाळक्यात टोच मारून सांगतो. काटक्यांबरोबर तारांचे तुकडे गुंफलेलं ते ओबडधोबड घरटं एप्रिल-मेमध्ये उभं राहतं. जुन्या लोकांचं त्यावर लक्ष असायचं. कावळ्याने आंब्यावर, करंजावर घरटं केलं तर पाऊस चांगला, काटेरी बाभळीवर किंवा पार शेंड्याला केलं तर दुष्काळ. असे ठोकताळे मारुती चितमपल्लींनी आपल्या लेखनातून नोंदवले आहेत. पावसाच्या एका बातमीवर डाळीचा भाव हलतो अशा ठिकाणी हे घरटं दुर्लक्षित राहावं, ही गंमतच. अर्थात, शहरात बाभूळ उरलीच किती, त्यामुळे अंदाज नेहमी आशादायकच यायचा.

त्या घरट्यावर आणखी एकाची नजर असते. मार्चपासून ‘कुहू’ करणारा तो नर कोकीळ; ठिपक्याठिपक्यांची मादी गात नाही, टिपत बसते. अनेकदा नर कावळ्यांना डिवचून दूर नेतो आणि मादी तेवढ्यात अंडं घालून पसार होते. कावळ्याचं अंडं फुटायला सोळा-सतरा दिवस लागतात, कोकिळेचं बारा ते चौदा दिवसांत फुटतं. आगंतुक आधी जन्मतो आणि आधी खायला मागतो. काही कोकिळांची पिल्लं यजमानाची अंडी बाहेर ढकलतात. आपल्या कोकिळेचं पिल्लू सहसा ढकलत नाही, नुसतं आवाजाने आणि भुकेने पुढे राहतं.

ही पिल्लं घरट्याबाहेर येतात जूनमध्ये. तोवर हापूस संपलेला असतो, गाळ्यापुढे पेंढा उरलेला नसतो आणि पहिल्या सरीने पोती झाकायची धांदल उडालेली असते. भुसार विभागाच्या कडेला तारेवर कोकिळेचं पिल्लू पंख थरथरवत, तोंडाचा आ वासून बसलेलं दिसतं. भिजलेला कावळा चपातीचा तुकडा घेऊन येतो, दोन क्षण त्याच्याकडे बघतो आणि तो तुकडा त्याच्या घशात कोंबून लगेच दुसरा आणायला खाली झेपावतो.