पुराचे पाणी आणि घराचे साहित्य

पावसाळा सरला की पुराची आठवणही सरते, आणि नेमके त्याच सुमारास आपण घराची दुरुस्ती काढतो, हा नदीकाठच्या नगरवासीयांचा नित्याचा प्रमाद होय. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीस आयर्विन पुलापाशी कृष्णामाई ५७ फुटांवर चढली, तेव्हा आमच्या गावभागातील घरात छातीइतके पाणी कित्येक दिवस ठाण मांडून होते. त्या दिवसांनी आम्हांस जे शिकविले, ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पाणी ओसरल्यावर दार उघडून पाहतो, तो माजघरातील शहाबादी फरशी व घडीव दगडाचे जोते चिखलाखाली जसेच्या तसे होते. धुऊन काढताच पूर्ववत झाले. परंतु दोनच वर्षांपूर्वी चिरंजीवांनी हौसेने करविलेल्या स्वयंपाकघराची दशा पाहवेना. लाकडी भुश्श्याच्या दाबीव फळ्यांची कपाटे फुगून उकलली होती आणि जिप्समचा गिलावा बोटाने निघत होता. सूनबाई काही बोलल्या नाहीत. त्या फुटलेल्या कपाटांतून आमच्या मातुःश्रींची तांब्यापितळेची भांडी तेवढी वेचून बाहेर काढीत होत्या.

यावरून ‘जुने ते सोने’ असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो आम्हांस मान्य नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा पुण्यातील नदीकाठच्या पेठांतून मातीच्या भिंतींचे जुने वाडेही कोसळले. प्रश्न जुन्यानव्याचा नसून पाण्यात टिकण्याचा आहे. अमेरिकेच्या सरकारी आपत्तिनिवारण खात्याने याची सोपी कसोटी ठरविली आहे. पुराच्या पाण्यात निदान ७२ तास राहूनही ज्यास रंगसफेदीपलीकडे दुरुस्ती लागत नाही, तेच साहित्य पुरास टिकणारे समजावे. आमच्याकडे पाणी याहूनही अधिक काळ राहते. तेव्हा ही कसोटी किमान मानावी.

दगड, काँक्रीट, पक्की भाजलेली वीट, फरशी व सिमेंटचा गिलावा या कसोटीस उतरतात. विटेची परीक्षा घरीच करता येते. कोरडी वीट तोलून २४ तास पाण्यात ठेवावी. तिचे वजन पंचमांशाहून अधिक वाढू नये. प्लायवुडवरील ‘एम. आर.’ हा शिक्का केवळ दमट हवेपुरता असतो. जेथे पाण्याशीच गाठ आहे, तेथे भारतीय मानक ७१० चे मरीन प्लायवुड मागून घ्यावे. भिंतींस तैलरंग दिल्यास आत मुरलेले पाणी कोंडून राहते. चुन्याची सफेदी भिंतीस वाळू देते.

कोणी म्हणेल, दारेखिडक्या घट्ट बंद करून पाणी आत येऊच देऊ नये. पाणी उथळ असता हे ठीक आहे. परंतु दोन हात, म्हणजे सुमारे एक मीटर, खोल पाणी भिंतीच्या दर मीटर लांबीस ५०० किलो वजनाइतका रेटा देते. खोली दुप्पट होताच रेटा चौपट, म्हणजे २,००० किलो होतो. बाहेर पाणी आणि आत पोकळी अशा स्थितीत मग भिंतच ढासळते. म्हणून त्याहून खोल पुरात माणसांनी वेळीच बाहेर पडावे व पाण्यास आत वाट द्यावी, म्हणजे दोन्हीकडचा रेटा समतोल राहतो. मात्र त्या पाण्यास जे जे लागेल, ते टिकाऊ असले पाहिजे. विजेचा मीटर, बटणे आणि धान्याच्या कोठ्या मागील पुराच्या खुणेहून वर असाव्यात.

आम्ही स्वयंपाकघर पुन्हा उभारले, ते कडाप्प्याच्या फळ्या व स्टीलची मांडणी घालून. ते पाहून ‘हे खानावळीसारखे दिसते’ असे चिरंजीव म्हणाले, व ते खोटे नव्हते. परंतु जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा घरात शिरले, आणि ओसरल्यानंतर तिसऱ्या दिवशी सूनबाईंनी त्याच ओट्यावर वरणभाताचा कुकर चढविला. तेव्हापासून शोभेचा विषय आमच्या घरात निघाला नाही.

ज्यांना घर बांधावयाचे वा दुरुस्त करावयाचे असेल, त्यांनी गवंड्यास बोलाविण्यापूर्वी घरातील वडील माणसांस एकच प्रश्न विचारावा : मागच्या पुराचे पाणी कोठवर आले होते? ती रेघ भिंतीवर ओढावी, आणि तिच्याखाली पाण्याने फुगणारी वा विरघळणारी एकही वस्तू बसवू नये.