एक हंगाम बुडतो तेव्हा

वाचकहो, खरिपाचा एक हंगाम हातचा गेला म्हणजे काय होते, हे शेतकऱ्याच्या घरात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. नुसते धान्यच जात नाही. दुकानदाराची उधारी थकते, पोरीचे लग्न पुढे जाते, पोराची फी राहते, आणि गावातल्या सुतारापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांचे हात आखडतात. आज आपण अशाच एका बुडालेल्या हंगामाची हकिगत पाहणार आहोत. मात्र तो हंगाम पिकाचा नव्हे, खेळाचा आहे. आणि तो बुडाला सातासमुद्रापलीकडे, कॅनडा देशात.

आपण म्हणाल, खेळ तो खेळ! एखादे वर्ष झाला नाही म्हणून काय आभाळ कोसळते? तेच तर पाहायचे आहे.

गव्हाच्या मुलखातला खेळ

कॅनडाच्या पश्चिम भागात सस्कॅचेवान नावाचा प्रांत आहे. नजर पोचेल तिथवर सपाट जमीन, आणि तिच्यावर गहू, कॅनोला, वाटाणा, मसूर. आपल्या बाजारात कॅनडाचा मसूर येतो, त्यातला बहुतेक याच प्रांतात पिकलेला असतो. तेव्हा हा मुलूख दूरचा असला तरी आपल्या स्वयंपाकघराला अगदीच परका नाही.

तिथे वर्षात पीक एकच. उन्हाळ्यात शेत आणि हिवाळ्यात बर्फ. सहा-सहा महिने जमीन गोठलेली असते. त्या दिवसांत गावाला एकत्र आणते ती हॉकी. पण ही आपली मेजर ध्यानचंदांची मैदानी हॉकी नव्हे. बुटांच्या तळाला पोलादी पाते लावून बर्फावरून सुसाट घसरत जायचे, चेंडूऐवजी कडक रबराची चपटी चकती काठीने मारायची, असा हा खेळ. बंदिस्त सभागृहात सुमारे दोनशे फूट लांब आणि पंच्याऐंशी फूट रुंद रिंगण असते. जमिनीखालच्या नळ्यांतून थंडगार द्रव फिरवून वर जेमतेम इंच-सव्वा इंच जाडीचा बर्फ धरतात. सामना असो वा नसो, बर्फ राखायचा म्हटला की यंत्र चालू ठेवावे लागते आणि विजेचे बिल भरावे लागते.

या खेळातल्या तरण्या पोरांच्या स्पर्धेला ज्युनिअर हॉकी म्हणतात. साधारण सोळा ते वीस वर्षांची मुले तीत खेळतात. कॅनडात तिच्या तीन मोठ्या लीग आहेत: पश्चिमेची वेस्टर्न लीग, ओंटारिओची लीग आणि पूर्वेकडची क्वेबेकची लीग. २०२० साली तिन्ही मिळून साठ संघ होते. काही संघ सीमेपलीकडे अमेरिकेतही आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरुवात, मार्चपर्यंत एका संघाचे तेव्हा अडुसष्ट सामने, मग बाद फेऱ्या, आणि शेवटी तिन्ही लीगचे विजेते व यजमान संघ यांच्यात मेमोरिअल कपाची लढत. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या कॅनडाच्या जवानांच्या स्मरणार्थ १९१९ साली हा चषक सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धातसुद्धा त्यात खंड पडला नव्हता.

तो खंड पडला २०२० साली. कोरोनाच्या साथीमुळे मार्चमध्ये सामने थांबले, पाठोपाठ उरलेला हंगाम आणि मेमोरिअल कपही रद्द झाला. पुढचे वर्ष तर आणखी कठीण गेले. क्वेबेकच्या लीगने थांबत-थांबत तोकडा हंगाम कसाबसा उरकला. पश्चिमेच्या लीगने २०२१ च्या वसंतात अडुसष्टऐवजी जास्तीत जास्त चोवीस सामन्यांवर भागवले. आणि ओंटारिओच्या लीगचा एकही सामना झाला नाही. आज सुरू होईल, उद्या सुरू होईल, अशी वाट पाहता-पाहता २० एप्रिल २०२१ रोजी अख्खा हंगाम रद्द झाल्याचे जाहीर झाले. सलग दुसऱ्या वर्षी मेमोरिअल कप कोणाच्याच हाती गेला नाही.

वय थांबत नाही

आता पाहा, मोठ्या खेळाडूंचा हंगामही पूर्वी एकदा बुडाला होता. तिथली सर्वांत मोठी व्यावसायिक लीग म्हणजे नॅशनल हॉकी लीग. मालक आणि खेळाडू यांच्यात पैशांवरून तंटा झाला आणि २००४-०५ चा तिचा पूर्ण हंगाम रद्द झाला. पण ते कर्ते-सवरते लोक होते. पुढच्या वर्षी बहुतेक जण परत बर्फावर उतरले. त्या साली ज्युनिअर हॉकी मात्र व्यवस्थित चालू होती.

पोरांचे तसे नाही. वीस वर्षांचा झाला की खेळाडूचे ज्युनिअरमधले ते शेवटचे साल. वीस वर्षांचे असे तीनच खेळाडू एका संघात ठेवता येतात. ओंटारिओच्या लीगमध्ये वीस संघ, म्हणजे तिथे अशा साठ जागा. २००० साली जन्मलेली जी मुले त्या जागांवर खेळायची, त्यांचे शेवटचे वर्ष घरी बसून गेले. शेतकऱ्याची पेरणी वाया गेली तर निदान पुढच्या मृगाची वाट पाहता येते. या मुलांचा मृग पुन्हा येणारच नव्हता.

सतरा-अठरा वर्षांच्या मुलांची अडचण निराळी. दरवर्षी नॅशनल हॉकी लीगचे संघ या वयाच्या मुलांमधून आपापले खेळाडू निवडतात. वर्षभर त्यांचे पारखी लोक गावोगावचे सामने पाहत हिंडतात. बैलबाजारात पारखी जसा दावणीला बांधलेले जनावर पाहून समाधान मानत नाही, चालवून पाहतो, तसेच इथेही आहे. सामनाच नाही तर पारखायचे काय? आदल्या वर्षी कोवळा दिसणारा मुलगा एका वर्षात अंगापिंडाने आणि खेळाने कोठल्या कोठे जातो. त्याचे ते वाढीचे वर्षच कोणी पाहिले नाही.

ज्यांना जमले ती मुले युरोपात गेली. मेसन मॅकटॅविश आणि ब्रेनन ऑथमन स्वित्झर्लंडमधल्या ओल्टन गावच्या संघाकडून खेळले, ब्रँट क्लार्क स्लोव्हाकियात खेळला. एप्रिल-मे २०२१ मध्ये टेक्सासात अठरा वर्षांखालील जागतिक स्पर्धा झाली, ती कॅनडाने जिंकली आणि हे तिघेही त्या संघात होते. त्याच उन्हाळ्याच्या निवडीत मॅकटॅविश तिसरा, क्लार्क आठवा आणि ऑथमन सोळावा निवडला गेला.

त्यांचे कौतुकच आहे. पण परदेशी संघात शिरकाव व्हायला ओळख लागते, मध्यस्थ लागतो, नाहीतर नाव आधीच गाजलेले असावे लागते. मॅकटॅविशचा तर जन्मच झुरिकचा, त्याचे वडील त्या देशात हॉकी खेळत असत. ज्याच्या बापाला असे कोणी ओळखीचे नव्हते, तो मुलगा घराच्या आवारात, गोठलेल्या डबक्यावर एकटाच चकती मारत राहिला. वाचकहो, हंगाम बुडतो तो सगळ्यांचा सारखा बुडत नाही. ज्याच्या विहिरीला पाणी असते त्याचे चार वाफे तरतात. कोरडवाहूवाल्याचे सगळेच जाते.

अभ्यासाची शिदोरी

यातली प्रत्येक पोरे काही मोठा खेळाडू होत नाहीत. फार थोडी वर पोचतात. म्हणून या लीगमध्ये एक चांगली सोय आहे. पश्चिमेच्या लीगमध्ये मुलगा जितके हंगाम खेळेल, तितक्या वर्षांचा कॉलेजचा शिक्षणखर्च त्याचा संघ उचलतो. चार वर्षे खेळला तर पदवीपर्यंतची शिदोरी बांधली गेली. ओंटारिओतही अशीच रीत आहे. आपल्याकडे खेळात शक्ती घालवून पोरगा शेवटी 'ना घर का, ना घाट का' होतो, ही आईबापांची भीती असते. तिच्यावर तिथल्या लोकांनी काढलेला हा तोडगा आहे.

पण शिष्यवृत्तीचा पैसा येतो कोठून? तो संघाच्या गल्ल्यातून येतो, आणि गल्ला भरतो तिकिटांवर. प्रेक्षक नाहीत तर गल्ला नाही, आणि जुन्या खेळाडूंची कॉलेजची बिले तर येतच राहतात. ही ओढाताण ओळखून ओंटारिओच्या प्रांत सरकारने जानेवारी २०२१ मध्ये लीगच्या शिष्यवृत्त्यांसाठी २३ लाख ५० हजार डॉलर दिले. खेळ बंद पडला तरी पोरांचे शिक्षण बंद पडू नये, हा विचार त्यात होता, आणि तो चांगलाच म्हटला पाहिजे.

गावाचा संघ, गावाचा गल्ला

सस्कॅचेवानात पश्चिम लीगचे पाच संघ आहेत. त्यांपैकी मूस जॉ, प्रिन्स अल्बर्ट आणि स्विफ्ट करंट या तीन गावांचे संघ कोणा एका धनिकाचे नाहीत, ते गावाच्या मालकीचे आहेत. आपल्या सोसायटीसारखे समजा ना! नफा कोणी घरी नेत नाही, आणि तोटा आला तर तोही गावालाच निस्तरावा लागतो. स्विफ्ट करंटची वस्ती सुमारे सतरा हजार, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. याखेरीज प्रांताची स्वतःची एक धाकटी ज्युनिअर लीग आहे. तीत मेलव्हिलसारखे साडेचार हजार वस्तीचे गावसुद्धा आपला संघ राखून आहे.

अशा गावात सामन्याच्या रात्री काय-काय चालते ते पाहा. तिकीट विकले जाते, कॉफी आणि खाद्यपदार्थ खपतात. पाहुणा संघ आणि त्याच्या मागून आलेली माणसे खाणावळीत जेवतात. सोडत निघते, तिचे निम्मे पैसे जिंकणाऱ्याला आणि निम्मे सत्कार्याला जातात. नाताळच्या सुमारास एक सुंदर प्रथा असते. यजमान संघाचा पहिला गोल झाला की प्रेक्षक घरून आणलेली कापडी अस्वले बर्फावर फेकतात, आणि ती गोळा करून गरजू मुलांना वाटतात. डिसेंबर २०१८ मध्ये कॅलगरी शहरातल्या एका सामन्यात अशी २९,९३५ खेळणी जमली होती. स्टेडियमच रिकामे असेल तर हा खेळण्यांचा पाऊस कोठून पडणार?

आणखी एक गोष्ट आपल्या मायबहिणींना विशेष वाटेल. सोळा वर्षांचा पोरगा शेकडो मैलांवरच्या गावात खेळायला जातो, तेव्हा तो वसतिगृहात राहत नाही. गावातले एखादे कुटुंब त्याला घरात ठेवून घेते. तिथली बाई त्याला चार घास घालते, आजारी पडला तर उशाशी बसते, अभ्यासाला बसला नाही तर रागावते. असा घरोबा जुळतो की पुढे लग्नकार्यालाही एकमेकांकडे येणे-जाणे होते. २०२१ मध्ये संसर्गाच्या भीतीने सस्कॅचेवान आणि मॅनिटोबाचे संघ रजायना शहरात एकत्र ठेवले आणि मुलांची राहण्याची सोय विद्यापीठाच्या खोल्यांत केली. सामने झाले, पण प्रेक्षकांविना; आणि घरोघरी त्यांच्यासाठी राखलेल्या खोल्या रिकाम्या राहिल्या. धाकट्या लीगला तर तेही जमले नाही. तिचा हंगाम मार्च २०२१ मध्ये अर्ध्यावरच सोडून द्यावा लागला.

त्या वर्षी प्रांत सरकारने मोठ्या लीगच्या पाचही संघांना प्रत्येकी सहा लाख डॉलर आणि धाकट्या लीगला दहा लाख डॉलर दिले. शहरातला धनिक मालक एखादे वर्ष तोटा सोसू शकतो. लहान गावाचा संघ एकदा मोडला की पुन्हा उभा राहणे कठीण, कारण बर्फाचे यंत्र बंद पडते, शिकवणारे गाव सोडतात, आणि लहानग्यांना पाहायला कोणी 'मोठा दादा' उरत नाही.

मोडले नाही, म्हणून

पुढे काय झाले, हे सांगितल्याशिवाय हकिगत पुरी होणार नाही. २०२१ च्या शरद ऋतूत तिन्ही लीग पुन्हा सुरू झाल्या. २०२२ च्या जूनमध्ये मेमोरिअल कप परत आला आणि यजमान सेंट जॉनच्या संघाने तो जिंकला. रजायनाच्या त्या तोकड्या हंगामात कॉनर बेडार्ड नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा पंधरा सामन्यांत बारा गोल करून गेला, आणि २०२३ साली साऱ्या जगातून पहिल्या क्रमांकाने निवडला गेला. थोडेच सामने झाले, पण झाले, म्हणून त्याचे पाणी लोकांना दिसले. मूस जॉच्या गावकीच्या संघाने तर २०२४ मध्ये पश्चिम लीगचे विजेतेपद पहिल्यांदाच पटकावले. आणीबाणीच्या वर्षी संघ जगवला, त्याचे हे फळ.

साठ जागांवरच्या त्या वीस वर्षांच्या मुलांना मात्र यातले काही मिळाले नाही. लीग सावरली, गावे सावरली. त्यांचे वर्ष तेवढे गेले ते गेलेच.

साथीच्या त्या दोन वर्षांत आपल्याकडेही यात्रांची कुस्ती मैदाने आणि गावोगावच्या कबड्डी स्पर्धा बंद राहिल्या होत्या. पुढेही दुष्काळ, निवडणूक, गावातला तंटा, नाहीतर वर्गणी जमली नाही, अशा कारणांनी 'यंदा स्पर्धा राहू द्या' असे पंचमंडळी सहज म्हणून जातात. कधी ते टाळताही येत नाही. पण तसे ठरवताना कागदावर एक यादी करावी. यंदा ज्यांचे शेवटचे वर्ष आहे अशी मुले कोणती? ज्यांना दुसरीकडे जाऊन खेळण्याची ऐपत नाही अशी कोणती? पूर्ण स्पर्धा जमत नसेल तर एका दिवसाचे चार सामने भरवता येतील का? तालमीचे कुलूप तरी उघडे ठेवता येईल का?

मोठ्या माणसांना एक वर्ष म्हणजे कॅलेंडरचे एक पान वाटते. सतरा वर्षांच्या पोराला ते फार मोठे असते, आणि ते त्याला पुन्हा मागून मिळत नाही. एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.