घरातील व्यायामयंत्र निवडताना

चंडीगढ नगराची आखणी 1951 साली ल कॉर्ब्युझिए या विख्यात स्थापत्यविशारदाच्या हाती आली, तेव्हा त्याने नगराची कल्पना मानवी देहाच्या रूपाने केली. राजधानी-संकुल हे मस्तक, सतराव्या सेक्टरातील बाजारपेठ हे हृदय आणि लीझर व्हॅलीसारखे हिरवे पट्टे ही फुप्फुसे. प्रत्येक सेक्टर सुमारे 800 मीटर रुंद व 1200 मीटर लांब ठेवला. हेतू हा की, शाळा, दुकान आणि उद्यान ही पायी जाण्याच्या अंतरावर असावीत. 1958 साली सुखना चोवर बांध घालून तलाव निर्माण झाला. त्याच्या काठावर आजही पहाटे फिरावयास येणाऱ्यांची रीघ लागते.

असे हे चालण्यासाठी वसविलेले नगर. तरीही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे 2011 साली प्रसिद्ध झालेले आकडे विचार करावयास लावतात. प्रौढांतील मधुमेहाचे प्रमाण महाराष्ट्रात शेकडा 8.4, तर चंडीगढात शेकडा 13.6 आढळले. याच पाहणीच्या 2014 सालच्या निष्कर्षांनुसार, पाहिलेल्या चार प्रदेशांत मिळून शेकडा 54 लोक पुरेशी हालचाल करीत नव्हते. रस्ते आणि उद्याने असली, तरी पाऊल उचलावयाचे राहून जाते, हेच यावरून दिसते.

त्याला कारणेही आहेत. जानेवारीतील दाट धुके आणि जूनमधील चाळीस अंशांवरचे ऊन ज्येष्ठांना घराबाहेर पडू देत नाही. म्हणून अनेक कुटुंबे घरात मावेल असे लहान एलिप्टिकल यंत्र घेण्याचा विचार करतात. 1995 साली अमेरिकेत प्रेकॉर कंपनीने असे यंत्र बाजारात आणले आणि पुढे त्याचा प्रसार झाला. यात पावले लंबवर्तुळाकार मार्गाने फिरतात व तळवे पायट्यावरून उचलले जात नाहीत. धावताना जमिनीचा जो आघात गुडघ्यांवर बसतो, तो येथे बसत नाही. हाच या यंत्राचा मोठा गुण होय.

परंतु वाचकहो, यंत्र लहान असले की त्यात काहीतरी कमी केलेले असते. बहुधा ती कपात पावलाच्या लांबीत होते. मोठ्या यंत्रात एक पाऊल 45 ते 50 सेंटिमीटरपर्यंत जाते; लहान यंत्रात ते 30 ते 40 सेंटिमीटरवर थांबते. पाच फूट उंचीच्या गृहिणीला हे सहज मानवते. सहा फुटी मुलाचे पाऊल मात्र आखडते, चालणे जिना चढण्यासारखे होते आणि ज्या गुडघ्यांना जपण्यासाठी यंत्र आणले, त्यांच्यावरच ताण येतो. म्हणून यंत्र कोण वापरणार, हे आधी ठरवावे. शक्य असल्यास त्या व्यक्तीने स्वतःचे बूट घालून दुकानात दहा मिनिटे ते चालवून पाहावे. कंबर न वाकवता ताठ उभे राहता येते काय व दोन्ही पायट्यांमधील अंतर सोयीचे वाटते काय, इकडे लक्ष द्यावे.

दुसरे मोजमाप घराचे. पायटा सर्वांत वर येतो तेव्हा माणूस जमिनीपासून सुमारे 35 सेंटिमीटर उंचावतो. 175 सेंटिमीटर उंचीच्या माणसाचे डोके 210 सेंटिमीटरवर पोहोचते. त्यावर आणखी 15 सेंटिमीटर मोकळी जागा हवी. खोलीच्या छताला ही अडचण क्वचितच येते. परंतु माळ्याखाली किंवा बाल्कनीत येऊ शकते. छताच्या पंख्याच्या अगदी खाली यंत्र मांडू नये. वारा हवा असल्यास ते पंख्यापासून थोडे बाजूस ठेवावे. यंत्राभोवती हात-दीड हात जागा मोकळी सोडावी आणि खाली रबरी चटई अंथरावी. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी जिन्याची वळणे आधी मोजून ठेवावीत.

तिसरी गोष्ट बांधणीची. चुंबकीय अवरोधाच्या यंत्रात घर्षण नसल्यामुळे आवाज कमी होतो आणि झीजही कमी होते. यंत्राची भारक्षमता वापरणाऱ्याच्या वजनापेक्षा पंधरा-वीस किलोंनी तरी अधिक असावी. दुरुस्ती आपल्या गावात होते काय, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. पडद्यावर दिसणारा उष्मांकांचा आकडा केवळ अंदाज असतो. त्यावर विसंबून जेवणाचे माप ठरवू नये. खुर्चीत बसून पायांनी फिरवावयाची छोटी यंत्रेही मिळतात. सांधे हालते ठेवण्यास ती उपयोगी पडतात, पण उभ्याने होणाऱ्या व्यायामाइतका श्रम त्यांत होत नाही. हृदयविकार, भोवळ किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असल्यास प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. व्यायाम करताना छातीत दुखू लागल्यास तत्काळ थांबावे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रौढांसाठी आठवड्यास 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे. बोलता येते पण गाता येत नाही, इतपत श्रम म्हणजे मध्यम श्रम. आठवड्यातून पाच दिवस अर्धा-अर्धा तास दिला की दीडशे मिनिटे भरतात. म्हणून खरेदीपूर्वी एक परीक्षा घ्यावी. ज्या वेळी यंत्र चालविण्याचा बेत आहे, त्याच वेळी दोन आठवडे रोज अर्धा तास घरात, गच्चीवर किंवा अंगणात चालावे. तो अर्धा तास टिकला, तर यंत्राचा उपयोग होईल. टिकला नाही, तर त्या दांड्यांवर ओले कपडे वाळू लागतील आणि घरखर्चातून काढलेले हजारो रुपये अडगळीत जातील. यंत्र पावलांना आधार देते; पाऊल उचलण्याचा निश्चय मात्र आपणांसच करावा लागतो. आणि धुके विरून ऊन कोवळे पडेल त्या दिवशी यंत्रास विश्रांती देऊन कुटुंबासह तलावाच्या काठावर अवश्य जावे.