एका यंत्रांतील दोन कारभारी

संगणक सुरू होतांच पडद्यावर दोन नांवें उमटतात, आणि उबुंटू चालवावयाचें कीं विंडोज, असा प्रश्न यंत्र विचारतें. एकाच हार्ड डिस्कवर दोन ऑपरेटिंग सिस्टीम नांदत असल्याची ही खूण होय. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं ज्याचा आरंभ केला तें लिनक्स आज कोणासहि विनामूल्य मिळतें. आपल्याकडील सी-डॅक या सरकारी संस्थेनेंहि त्याच घराण्यांतील ‘बॉस’ नांवाची प्रणाली रचली आहे. तेव्हां जिज्ञासू विद्यार्थी विंडोजच्या शेजारीं लिनक्स बसवून पाहतो, हें योग्यच आहे. पुढें जागा अपुरी पडूं लागते आणि दुसरी प्रणाली काढून टाकावी असें वाटतें. बसविण्याचें काम पडद्यावरील सूचना वाचीत कोणीहि करतो; काढण्याचें काम सांगणारी तशी सोय मात्र सहसा नसते, आणि घात होतो तो येथेंच.

हार्ड डिस्कची रचना आपल्या किनाऱ्यावरील खारजमिनीसारखी असते. खाडीच्या कांठीं बांध घालून शेतें राखलेलीं असतात व पाणी बाहेर सोडण्यास उघाडी ठेवलेली असते. कोणता बांध कशासाठीं आहे हें न पाहतां तो फोडला, तर खारें पाणी सर्वांच्याच भातांत शिरतें. डिस्कवरहि असेच बांध घालून विभाग पाडलेले असतात. एक मोठा विभाग विंडोजचा, एक किंवा दोन लिनक्सचे, एक लहानसा दुरुस्तीचा, आणि नव्या यंत्रांत आणखी एक, बहुधा कांहीं शेंकडा मेगाबाइटांचा, ‘ईएफआय’ विभाग. हा आकारानें क्षुद्र दिसतो, परंतु दोन्ही प्रणालींचे द्वारपाल त्यांतच राहतात.

द्वारपालाचें काम समजलें म्हणजे पुढील सर्व कृति समजते. वीज मिळतांच यंत्राच्या अंगची मूळ आज्ञावली जागी होते. ती आपल्या यादींतील पहिलें नांव पाहते, ईएफआय विभागांतून त्या नांवाचा द्वारपाल उठविते व कारभार त्याच्या हातीं देते. लिनक्स बसवितांना त्याचा ‘ग्रब’ नांवाचा द्वारपाल यादींत वर जाऊन बसतो. दोन नांवांची पाटी दाखवितो तो हाच. जुन्या बायोस पद्धतीच्या यंत्रांत तर डिस्कच्या आरंभींच्या ५१२ बाइटांच्या खणांत ग्रबचा अगदीं अल्प अंश असतो, आणि आपला उरलेला भाग लिनक्सच्या विभागांत शोधावा एवढेंच त्यास ठाऊक असतें. आतां कोणी विंडोजमध्यें बसून लिनक्सचा विभाग पुसून टाकला, तर काय होईल? पुढच्या वेळीं ग्रब उठतो, आपलें घर शोधतो, तें सांपडत नाहीं, आणि काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ अशीं अक्षरें येऊन यंत्र थबकतें. विंडोजमधील एक अक्षरहि अशा वेळीं नाहींसें झालेलें नसतें. नाहींशी झाली ती फक्त वाट. पण घाबरलेला मनुष्य यंत्र दुकानांत नेतो, तेथें सबंध डिस्क पुसून विंडोज नव्यानें बसवितात, आणि घरचीं छायाचित्रें, निबंध, हिशेब हीं सारीं त्या पुसण्यांत जातात. खरें नुकसान हें.

म्हणून क्रम असा असावा, कीं प्रथम द्वारपाल बदलावा आणि मगच विभाग पुसावा.

त्याहिपूर्वीं लिनक्समध्यें जाऊन आपले कागदपत्र बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावे व ते दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावे. लिनक्सचा नेहमींचा ‘ईएक्स्टी-४’ पद्धतीचा विभाग विंडोजला आपण होऊन वाचतां येत नाहीं. असा विभाग दिसल्यास तो फॉर्मॅट करूं काय, असें विंडोज कधीं विचारतें. त्यास होकार देऊं नये. लिनक्सच्या विभागांचे आकारहि याच वेळीं वहींत टिपून ठेवावे. विंडोजची डिस्क ‘बिटलॉकर’नें कुलूपबंद असेल, तर तिची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरून घ्यावी, कारण द्वारपालांचा क्रम बदलतांच ती मागितली जाण्याचा संभव असतो. विंडोज दुरुस्तीचा पेनड्राइव्हहि जवळ असूं द्यावा.

विजेविषयीं दोन शब्द आमच्या भागांत निराळे सांगितलेच पाहिजेत. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां गांवेंच्या गांवें दिवसानुदिवस अंधारांत होतीं; पण त्यासाठीं वादळच यावें लागतें असें नाहीं, आषाढांतली एखादी सरहि पुरते. विभागांना हात घालावयाचा तो लॅपटॉपची बॅटरी भरलेली असतां, किंवा यूपीएस जोडलेला असतांच.

आतां मुख्य कृति. यंत्र सुरू होतांना एफ-२, डिलीट किंवा त्या त्या कंपनीनें नेमलेली कळ दाबून मूळ आज्ञावलींत शिरावें व यादींत ‘विंडोज बूट मॅनेजर’ सर्वांत वर आणावा. जुन्या बायोस यंत्रांत दुरुस्तीच्या पेनड्राइव्हवरून ‘बूटरेक’ या आज्ञेस ‘फिक्स-एमबीआर’ हा शब्द जोडून तेंच साधतें. यंत्र बंद करून पुन्हां सुरू करावें. दोन नांवांची पाटी न दिसतां सरळ विंडोज आलें, तरच पुढें जावें.

मग ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून, टिपलेल्या आकारांशीं ताडून, लिनक्सचे तेवढेच विभाग पुसावे. ईएफआय विभाग तेथें सहसा पुसूंच दिला जात नाहीं, आणि तो नकार योग्य आहे. ‘डिस्कपार्ट’ नामक आज्ञेनें तो मोडून काढतां येतो असें सांगणारे भेटतात. त्यांचें ऐकूं नये. मोकळी झालेली जागा ‘सी’ विभागाच्या लगत उजवीकडे असेल तरच त्यास जोडतां येते. मध्यें दुरुस्तीचा विभाग आडवा असेल, तर तो सरकविण्याच्या खटपटींत न पडतां मोकळ्या जागेचा ‘डी’ विभाग करावा, हें माझें मत. ईएफआय विभागांत ग्रबचें कांहीं मेगाबाइटांचें बिऱ्हाड मागें राहतें. तें निरुपद्रवी असतें. हात बसलेला नसेल तर तें तसेंच राहूं द्यावें.

कांहींजणांस उलट हवें असेल. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० चा नियमित आधार थांबविला, तेव्हां जुन्या यंत्रावर लिनक्सच ठेवून विंडोज काढावें, हा विचार रास्त आहे. त्यांनीं विंडोजचा मोठा विभाग फॉर्मॅट करून कागदपत्रांसाठीं वापरावा आणि ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा देऊन पाटी नवी करून घ्यावी. लिनक्सचा विभाग डावीकडे सरकवून जागा एक करतां येते खरी, परंतु त्यांत सर्व मजकूर जागचा हलतो, तासन्‌तास लागतात, व मध्येंच वीज गेली तर तो हातचा जातो. ईएफआय विभाग विंडोजनें निर्मिलेला असला तरी त्यास येथेंहि स्पर्श करूं नये; लिनक्सचा द्वारपाल त्याच घरांत राहतो.